इगतपुरीला इंजिन बदलायचं ते का?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याकडे विजेवरची पहिली गाडी निघाली. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली आणि त्या निमित्ताने जुने फोटो बरेच फिरले. त्यातल्या काहींनी आजचा वाचक बुचकळ्यात पडतो. डोक्यावर विजेची तार आहे आणि तिच्याच खाली कोळशाचं इंजिन धूर ओकत उभं आहे! वीज आली होती तर कोळसा कशाला? घरातल्या ज्येष्ठांना विचारलं तर ते सांगतात, पुण्यापर्यंत विजेचं इंजिन असायचं, तिथून पुढे कोळशाचं; पुणं सोडलं की खिडकीत बसणाऱ्याने डोळे सांभाळायचे. नाशिककडचे लोक हेच इगतपुरीबद्दल सांगतात.

मग प्रश्न पडतो की चांगलं धावणारं इंजिन मध्येच काढून जुन्या जातीचं इंजिन लावायचं, हा कुठला व्यवहार? व्यवहार होता, आणि पक्का होता. तो समजण्यासाठी आधी या दोन इंजिनांची जातकुळी बघू.

एकाची चूल सोबत, दुसऱ्याचा नळ घरात

कोळशाचं इंजिन म्हणजे चाकांवरचा कारखाना. पुढे भट्टी आणि बॉयलर, मागे कोळसा आणि पाण्याची गाडी, म्हणजे टेंडर. भट्टीच्या आचेवर बॉयलरमधलं पाणी उकळतं, कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या चाकं फिरवतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ज्या दाबाला होते, त्याच्या दहापटीहून जास्त दाब या बॉयलरमध्ये असतो. हा सगळा पसारा इंजिन स्वतःच ओढत नेतं. कोळसा पाठीवर, पाणी पाठीवर, राख पोटाखाली. एवढं करून शंभर रुपयांच्या कोळशातले दहा रुपयेसुद्धा चाकांपर्यंत पोचत नसत, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाफेबरोबर हवेत जायची.

विजेचं इंजिन, खरं सांगायचं तर, शक्ती तयारच करत नाही. ते तुमच्या घरातल्या मिक्सरसारखं आहे. वीज दूर कुठेतरी तयार होते, तारेतून येते, टपावरच्या पेंटोग्राफने ती घ्यायची आणि मोटरला द्यायची. (पेंटोग्राफ म्हणजे तारेला खालून टेकणारा तो घडीचा हात.) त्यामुळे कोळसा भरणं नाही, पाण्यासाठी थांबणं नाही, राख झाडणं नाही. मात्र तार संपली की इंजिनही संपलं. मिक्सर कितीही भारी असो, प्लगपासून दोन हात लांब नेला की तो फक्त एक जड भांडं असतो.

आणखी एक फरक आहे, तो घाटात कळतो. कोळशाच्या इंजिनाची ताकद बॉयलर किती भराभर वाफ करू शकतो यावर अडते. फायरमनने कितीही फावडी मारली तरी चुलीला एक मर्यादा असतेच. विजेच्या इंजिनाला तशी अडचण नाही. चढावर ते तारेतून थोडा वेळ नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढू शकतं, फक्त मोटरा तापतात म्हणून हा जोर फार काळ लावता येत नाही. चढ संपेपर्यंत दम धरला की झालं.

इतकं सोयीचं असेल तर तार सगळीकडे का नाही ओढली?

पैसा, दुसरं काय. पण हा हिशेब थोडा बारकाईने बघण्यासारखा आहे.

एखाद्या वस्तीला पाणी द्यायचंय. पन्नास घरं असतील तर टँकर परवडतो. हजार घरं झाली की रोज टँकर फिरवण्यापेक्षा एकदाच नळयोजना केलेली बरी. नळयोजनेचा खर्च आधी करावा लागतो, पाणी कोणी वापरो वा न वापरो. विजेच्या रेल्वेचंही तसंच आहे. खांब, तांब्याची तार, ठरावीक अंतरावर वीज उपकेंद्रं, हा सगळा खर्च पहिली गाडी धावायच्या आधीच होतो. दिवसाला शंभर गाड्या त्याखालून गेल्या तर तो फिटतो, पाचच गेल्या तर नाही. कोळशाच्या इंजिनाचं उलटं आहे. रूळ असले की ते कुठेही जातं, खर्च फक्त जेवढं धावेल तेवढ्याचा.

म्हणून तार तिथेच आली जिथे गाड्यांची दाटी होती, किंवा चढ असा होता की कोळशाचं इंजिन धापा टाकत होतं, किंवा बोगद्यात धुराने जीव जात होता. या तीन जागा सोडून बाकी मार्ग वर्षानुवर्षं टँकरवर, म्हणजे कोळशावर राहिले. तार जिथे संपते तिथे इंजिन बदलायचं. कापडाचे दोन तुकडे जोडताना शिवण येते, तशी ही रेल्वेची शिवण.

पहिली शिवण धुरामुळे पडली

मुख्य मार्गावर विजेचं इंजिन आलं ते अमेरिकेत, बाल्टिमोर शहरात, १८९५ मध्ये. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने शहराच्या पोटातून सुमारे सव्वादोन किलोमीटरचा हॉवर्ड स्ट्रीट बोगदा काढला होता. त्यात चढ होता, आणि चढावर कोळशाचं इंजिन सगळ्यात जास्त धूर सोडतं. उपाय असा केला की चढाच्या दिशेने जाणाऱ्या गाडीला विजेचं इंजिन लावायचं आणि त्याने सगळी गाडी ओढायची. गंमत म्हणजे कोळशाचं इंजिन काढायचंच नाही! ते गाडीला जोडलेलंच, जोर न लावता, पाहुण्यासारखं बसून जायचं आणि बोगद्यापलीकडे पुन्हा कामाला लागायचं. उताराच्या दिशेला तर विजेच्या इंजिनाची गरजच नसे, गाडी आपल्या वजनाने घरंगळत यायची.

न्यूयॉर्कला धडा रक्त सांडून मिळाला. ८ जानेवारी १९०२ रोजी पार्क अव्हेन्यूच्या बोगद्यात धूर आणि वाफ इतकी दाटली होती की एका गाडीच्या ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाही आणि त्याची गाडी पुढच्या गाडीवर आदळली. १५ माणसं मेली. पुढच्याच वर्षी कायदा झाला की १ जुलै १९०८ नंतर मॅनहॅटनमध्ये, हार्लेम नदीच्या दक्षिणेला, कोळशाचं इंजिन आणायचं नाही. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने वीज घातली, पण शिकागोपर्यंत घालणं शक्यच नव्हतं. त्यामुळे शहराबाहेर हार्मन नावाच्या ठिकाणी इंजिन बदलायची जागा झाली. शिकागोला निघालेली नामांकित गाडीसुद्धा हार्मनला थांबायचीच.

प्रतिस्पर्धी पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने १९१० मध्ये हडसन नदीखालून बोगदे काढले. त्यातही धूर नको म्हणून न्यू जर्सीत मॅनहॅटन ट्रान्स्फर हे स्टेशन बांधलं. या स्टेशनाची गोष्ट मला फार आवडते. तिथे जायला रस्ताच नव्हता. गावातून कोणी तिथे येऊ शकत नव्हतं, तिथे उतरून कोणी घरी जाऊ शकत नव्हतं. दलदलीच्या मैदानात एक फलाट, त्यावर एका गाडीतून उतरून दुसरीत बसणारी माणसं आणि शेजारी चार-पाच मिनिटांत होणारी इंजिनांची अदलाबदल. स्टेशन जन्माला आलं ते केवळ शिवणीसाठी. १९३० च्या दशकात तार पुढे फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनपर्यंत गेली, शिवण सरकली, आणि १९३७ मध्ये स्टेशन बंद झालं.

आपल्याकडे कारण होतं घाट

मुंबईत उपनगरी गाड्यांची दाटी हे पहिलं कारण. पण पुणे आणि इगतपुरीपर्यंत तार नेली ती बोरघाट आणि थळघाटामुळे. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४०० टनांची गाडी अशा चढावर नुसती धरून ठेवायला, मागे घसरू नये एवढ्यासाठीच, जवळपास ११ टनांचा ओढ लागतो. पुढे नेण्याचा जोर वेगळाच.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, हे १८६३ पासून सोसत होती. त्या वर्षी बोरघाटाचा मार्ग सुरू झाला तेव्हाच घाटासाठी खास वेगळी, जाडजूड इंजिनं आणावी लागली. म्हणजे लक्षात घ्या, घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर इंजिन बदलण्याची किंवा जोडण्याची सवय आपल्याकडे विजेच्या साठ-सत्तर वर्षं आधीपासून होती! खंडाळ्याजवळ तर गाडीला एका आखूड फाट्यावर थांबून उलट दिशेने निघावं लागे, कारण डोंगरात वळण घ्यायला जागाच नव्हती. हे उलटं स्थानक १९२९ च्या सुमारास, वीज येता येता, नवा मार्ग काढून बंद केलं.

१९२९ मध्ये तार पुण्याला पोचली, १९३० मध्ये इगतपुरीला. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती थेट विजेच्या इंजिनावरच. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्ये बांधलेली ४१ इंजिनं आली. पुढेमागे लांब नाकं, चाकांना जोडणारे बाहेरून दिसणारे दांडे आणि चालताना होणारी ती विचित्र हालचाल. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘खेकडा’. कारखान्याने दिलेले क्रमांक कोणाच्या लक्षात नाहीत, खेकडा मात्र आहे.

या खेकड्यांची खरी करामत उतारावर दिसायची. ब्रेक लावताना मोटर उलट काम करायची, म्हणजे वीज खाण्याऐवजी ती तयार करून तारेत परत सोडायची. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल तर ती वीज तिच्या कामी येई. रहाटाला दोन बादल्या बांधल्या की खाली जाणारी बादली वर येणारीला हात देते, तसंच हे. कोळशाच्या इंजिनाला हे जन्मात जमलं नसतं. ते उतरताना ब्रेकचे ठोकळे झिजवायचं आणि ती सगळी ऊर्जा चाकं तापवण्यात जायची.

बदल प्रत्यक्षात कसा व्हायचा

इगतपुरीला मुंबईहून गाडी आली. विजेचं इंजिन आणि पहिला डबा यांच्यामध्ये माणूस उतरला. ब्रेकची नळी सोडली, मग कपलिंगचा स्क्रू सैल करून आकडा काढला. इंजिन पुढे सरकलं, सांधा बदलला, ते बाजूच्या रुळावर गेलं. दुसऱ्या टोकाला वाफ धरून उभं असलेलं कोळशाचं इंजिन मागे मागे येऊन हलकेच टेकलं. पुन्हा आकडा, पुन्हा नळी. मग ब्रेकची तपासणी, गार्डचा हिरवा झेंडा, शिट्टी.

इथे एक बारीकशी गोष्ट सगळ्याचा आधार होती. दोन्ही इंजिनांना ब्रेकची भाषा एकच कळायची. तेव्हा आपल्याकडे व्हॅक्यूम ब्रेक होते: नळीतली हवा ओढून घेतली की ब्रेक सुटतात, हवा आत शिरली की लागतात. कोळशाचं इंजिन वाफेच्या झोताने हवा ओढायचं, विजेचं इंजिन पंपाने. डब्यांना फरक कळायचं कारण नव्हतं.

थंड देशांत मात्र डब्यांना फरक कळायचा, आणि चांगलाच. तिथे डबे गरम ठेवायला इंजिनातली वाफ पाइपातून सोडत. विजेच्या इंजिनात वाफ कुठून आणणार? म्हणून न्यूयॉर्कच्या विजेच्या इंजिनांत चक्क एक छोटा बॉयलर बसवलेला असे, केवळ प्रवाशांना ऊब देण्यासाठी. कोळशापासून सुटका करून घ्यायला आणलेल्या यंत्राच्या पोटात पुन्हा बॉयलर! आपल्याला ही कटकट नव्हती. इगतपुरीच्या थंडीला शाल पुरते.

शेडमध्ये मात्र वेगळी डोकेदुखी होती. विजेचं इंजिन बटण बंद करून उभं ठेवता येतं. कोळशाचं इंजिन थंड असेल तर वाफ धरायला कित्येक तास लागतात. मुंबईची गाडी दोन तास उशिरा असली तरी इगतपुरीचं इंजिन आच धरून, कोळसा खात उभंच. पाहुणे कधीही येतील म्हणून दूध मंद आचेवर ठेवून बसावं तसं.

आणि तारेखाली धूर म्हणजे दुसरं दुखणं. तार ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर टांगलेली असते त्यांच्यावर काजळी बसली आणि वर पाऊस किंवा दव पडलं की वीज भलत्या वाटेने जाऊ शकते. शिवाय फायरमनला टेंडरवर चढून कोळसा ओढायची सवय, पाण्याच्या सोंडेखाली वर उभं राहायची सवय. डोक्यावर जिवंत तार असताना ही सवय जीवघेणी.

पण यात वेळ वाया जात नव्हता का?

जात होता. पण वाटतो तितका नाही. कोळशाचं इंजिन मुंबईहून निघून भुसावळपर्यंत एका दमात गेलंच नसतं. वाटेत पाणी, मग भट्टीतली राख झाडणं, मग फायरमन थकतो. काही तासांनी इंजिन बदलावंच लागे. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर, मुंबई ते इगतपुरी त्याहून पन्नासेक किलोमीटर कमी. नेमकं त्याच टप्प्यावर तार संपवली. म्हणजे जिथे एरवीही इंजिन बदललंच असतं तिथे शिवण घातली. चांगला शिंपी शिवण घडीत लपवतो, जीआयपीच्या इंजिनिअरांनी तेच केलं. आणि घाटात वाचलेला वेळ फलाटावर गेलेल्या मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त होता.

वीज आली म्हणजे धूर संपला, असं थोडंच आहे?

बरोबर शंका आहे. कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं चोळा वीजघर होतं आणि तिथे कोळसाच जळायचा. धूर घाटातून ठाकुर्लीला गेला, एवढंच म्हणता येईल. पण शंभर छोट्या चुलींपेक्षा एका मोठ्या भट्टीत त्याच कोळशातून जास्त काम निघतं. आणि सह्याद्रीत तोवर टाटांची जलविद्युत केंद्रं उभी राहिली होती, खोपोली १९१५ मध्ये, भिवपुरी १९२२ मध्ये. ज्या डोंगराने इंजिनांचा घाम काढला, त्याच डोंगरावरून पडणारं पाणी वीज देत होतं.

दोन्ही जमेल असं एकच इंजिन का नाही केलं?

केलं. स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात कोळसा मिळेना आणि वीज मात्र भरपूर. तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी दोन छोट्या वाफेच्या इंजिनांच्या टपावर पेंटोग्राफ बसवले आणि तारेतल्या विजेने बॉयलरमधलं पाणी उकळवलं. घरी पाणी तापवायला बादलीत कॉइल सोडतो ना, तीच युक्ती! तार नसलेल्या ठिकाणी आधीच्या वाफेवर थोडं अंतर काढायचं. अडचणीच्या काळातला तोडगा म्हणून ठीक, एरवी विजेने वाफ करून चाक फिरवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

खरी दुहेरी इंजिनं पुढे आली, डिझेल आणि वीज दोन्हींवर चालणारी. पण दोन यंत्रांचं वजन आणि खर्च एकाच अंगावर येतो. म्हणून अमेरिकेत वॉशिंग्टनला आजही दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचं विजेचं इंजिन काढून डिझेल लावतात.

कोळसा गेला, शिवण राहिली

आपल्याकडे कोळशाची इंजिनं ओसरू लागली, तरी इगतपुरीची अदलाबदल थांबली नाही. मुंबईकडची वीज १५०० व्होल्टची, डीसी जातीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. १९५७ मध्ये रेल्वेने ठरवलं की नवी वीज २५,००० व्होल्टची, एसी, म्हणजे सतत दिशा पालटणारी असेल. पाण्याचा दाब कमी असला की जाड पाइप लागतो, दाब जास्त असला की बारीक पाइपही पुरतो. तसं कमी व्होल्टला जाड तार आणि जवळजवळ उपकेंद्रं लागतात, जास्त व्होल्टला बारीक तार आणि लांब लांब उपकेंद्रं. नवी पद्धत स्वस्त पडली आणि इगतपुरीच्या पलीकडे ती आली. मग विजेचं इंजिन काढून विजेचंच इंजिन लावायचं! प्रवाशांना हे कोडंच वाटायचं.

१९६१ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन, ‘लोकमान्य’, याच जुन्या डीसीसाठी होतं. पुढे १९७० च्या दशकात दोन्ही जातींची वीज खाणारी इंजिनं निघाली. इंजिनांवरच्या अक्षरांचं कोडं सोडवायचं असेल तर, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी. डब्ल्यूसीएएम असं लिहिलं असेल तर त्याला दोन्ही चालतं. शेवटी मुंबईतली सगळी तार एसी झाली. डीसीवरची अखेरची लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली, जिथे १९२५ ला सुरुवात झाली होती तिथेच.

घाटात मागून ढकलणारी जोड इंजिनं, म्हणजे बँकर, मात्र अजून आहेत. कर्जतला ती लागेपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्यात वडा घेऊन परत चढायचं, हे पुणेकरांच्या आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून सोलापूर आणि शिर्डीला वंदे भारत सुरू झाल्या. त्यांच्या मोटरा पुढे एका इंजिनात नसतात, डब्यांखाली वाटलेल्या असतात. त्यामुळे बँकरशिवाय त्या घाट चढतात. सोलापूरची वंदे भारत कर्जतला थांबतच नाही, वडा घरून न्यावा लागतो.